सुपरमॅनची लाल चड्डी : शाई, कॅमेरा आणि कापड

प्रश्न असा आहे : सुपरमॅनचा पोशाख १९३८ पासून आजवर इतक्या वेळा का बदलला, त्यातली लाल चड्डी काढून टाकून पुन्हा का आणली, आणि या सगळ्यांतले खरे रूप कोणते मानायचे? प्रश्नकर्त्याने आपला अंदाजही सोबत दिला आहे, की काळानुसार लोकांची आवड बदलते आणि पोशाख त्या आवडीमागे जातो. मी गेली सव्वीस वर्षे नाटकांच्या आणि जाहिरातपटांच्या कपडेपटात काम करतो. त्या अनुभवावरून हा अंदाज मला अर्धाच बरोबर वाटतो. आवड बदलते हे खरे आहे, पण ती सावकाश बदलते. पोशाख मात्र ज्या ज्या टप्प्यावर ठळकपणे बदललेला दिसतो, तिथे बहुतेक वेळा तो उमटवण्याचे साधन बदललेले असते. कधी शाई, कधी कॅमेरा, कधी कापड. कथेतले कारण मागाहून जोडले जाते.

आधी चड्डीचेच पाहू, कारण ‘हा पँटीवर चड्डी घालतो’ हा विनोद आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत असताना केलेला आहे. जेरी सीगल हा लेखक आणि जो शुस्टर हा चित्रकार, दोघेही अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे. त्यांचा नायक जून १९३८ ही तारीख छापलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. त्यांच्यापुढे अचाट ताकदीच्या माणसाचा सर्वांत जवळचा तयार नमुना होता, तो म्हणजे सर्कशीतला पहिलवान आणि आखाड्यातला कुस्तीगीर. हे लोक अंगाला चिकटणारी विणलेली विजार घालत आणि तिच्यावर आखूड जांघ्या चढवत. त्यामागे फॅशन नव्हती, शिंप्याची अडचण होती. लायक्राचा धागा ड्यू पॉन्ट कंपनीत तयार झाला तो १९५८ साली. त्याआधीच्या विणलेल्या कापडाला ताण दिला की ते परत जागेवर येत नसे, गुडघ्यावर पोंगा धरत असे आणि मियानीपाशी, म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात तिथे, एक तर झोल येई नाहीतर शिवण उसवे. वर जांघ्या असला की ही सगळी जागा झाकली जाई. मल्लखांब करणाऱ्या किंवा लाल मातीत उतरणाऱ्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

शुस्टरने कागदावर जे कापड काढले, ते अंगाला कातडीसारखे बसते, कुठेही चुणी पडू देत नाही, आणि वास्तवात ते त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. ते यायला वीस वर्षे जायची होती. त्याने भविष्यातले कापड काढले आणि त्यावर भूतकाळातला जांघ्या चढवला. सुपरमॅनच्या पोशाखाचा पुढचा सगळा गोंधळ या एका विसंगतीत आहे असे मला वाटते. जेव्हा जेव्हा कोणी तो पोशाख खऱ्या माणसाच्या अंगावर चढवायला गेले, तेव्हा तेव्हा कागदावरचे गुळगुळीत निळे अंग आणि कपाटातले खरे कापड यांची गाठ पडली आणि काहीतरी सोडून द्यावे लागले.

आता शाई. त्या काळची कॉमिक्स वर्तमानपत्री कागदावर चार शायांत छापली जात. काळी सोडली तर उरलेल्या तीन शायांच्या प्रत्येकी चारच पायऱ्या मिळत : मुळीच नाही, पाव, अर्धी आणि पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे चौसष्ट रंग, आणि त्यांतले निम्मे तरी त्या खरखरीत कागदावर चिखलासारखे दिसत. शाई कागदात फुटत असे, ठसे एकमेकांपासून केसभर सरकत असत. अशा छपाईत दुरूनही ओळखू येतील असे रंग म्हणजे भरगच्च लाल, भरगच्च पिवळा आणि निळा. सुपरमॅनच्या अंगावर हेच तीन आहेत. केसांवरच्या निळ्या चमकेचे मूळही तिथेच आहे, कारण सपाट काळ्या शाईत उजेड दाखवायला दुसरी सोयच नव्हती.

या छपाईत चड्डीला दुसरे काम लागले आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचे ठरले. पानावरच्या दोन इंची चौकटीत माणूस उडतो आहे, त्याचे अंग पिळलेले आहे, एक पाय दुमडलेला आहे. सगळे अंग एकाच निळ्यात रंगवले तर छाती कुठे संपली आणि मांडी कुठे सुरू झाली हे कळत नाही; नुसता निळा डाग दिसतो. मध्ये पिवळा पट्टा आणि लाल चड्डी आली, की कंबर कोणत्या दिशेला वळली आहे ते डोळ्याला एका क्षणात समजते. १९३६ साली आलेल्या आपल्या लाडक्या वेताळाच्या जांभळ्या अंगावरची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी हेच काम करते. विद्यार्थ्यांना मी एक साधा प्रयोग करायला सांगतो : सुपरमॅनचे कोणतेही जुने चित्र घ्या, चड्डीवर निळा रंग फिरवा आणि हातभर अंतरावरून पाहा. धड एकदम लांबुळके होते आणि पाय कुठून तरी चिकटवल्यासारखे वाटतात.

छातीवरच्या चिन्हाची गोष्टही अशीच सोयीतून घडली. पहिल्या अंकात ती पोलिसांच्या बिल्ल्यासारखी लहानशी पिवळी ढाल होती आणि एकाच गोष्टीत तिचा आकार पानागणिक बदलत होता. सुरुवातीच्या काही रेखाटनांत तर नायकाच्या पायांत बूट नसून पोटरीपर्यंत वाद्या गुंडाळलेल्या सपाता आहेत. पुढे मागणी वाढली, एकट्या शुस्टरला पेलेना, अनेक हात एकच नायक काढू लागले आणि मग सगळ्यांना सारखी काढता येईल अशी खूण हवी झाली. फ्लायशर स्टुडिओने १९४१ साली सुरू केलेल्या सतरा अॅनिमेशनपटांच्या मालिकेत ढालीची पार्श्वभूमी काळी झाली आणि एस लाल राहिला. हलत्या आकृतीवर अक्षर ठसठशीत उठून दिसते ते त्या काळ्यामुळे. छापील पानांवर मात्र चित्रकार वेन बोरिंगच्या हातून ढाल मोठी झाली, पंचकोनी झाली, आणि पिवळी जमीन व लाल अक्षर हे रूप पक्के झाले. छाती रुंद झाली तीही बोरिंगच्याच काळात. ज्यांना हे चिन्ह कापडावर उतरवायचे आहे त्यांना एक कानमंत्र देतो : एस काढायला बसू नका. लाल अक्षराच्या दोन्ही अंगांना उरलेले पिवळे तुकडे नीट पाहा, त्यांतले दोन मोठे तुकडे माशांसारखे दिसतात. ते मासे आधी कापा. एस आपोआप उरतो. माझ्याकडच्या एका मुलाने तीन दिवस अक्षराची वळणे जुळवण्यात घालवले होते, त्याला हे सांगितल्यावर दुपारच्या चहाच्या आत काम झाले.

खऱ्या नटाच्या अंगावर पडद्यावर आल्याबरोबर रंगांची सगळी पुण्याई गेली, कारण पडदा काळा-पांढरा होता. १९४८ च्या पंधरा भागांच्या चित्रमालिकेत कर्क अ‍ॅलिनने घातलेला पोशाख करड्या आणि तपकिरी रंगांचा होता. १९५२ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या जॉर्ज रीव्ह्जच्या मालिकेतही पहिल्या दोन हंगामांत तसाच तपकिरी-करड्या-पांढऱ्याचा खेळ होता. लोकांना हे ऐकून फसवल्यासारखे वाटते, पण कपडेपटवाल्याच्या दृष्टीने यात नवल काही नाही. लाल आणि निळा डोळ्याला कितीही वेगळे दिसोत, त्यांचा उजळपणा सारखा असला तर काळ्या-पांढऱ्या फितीवर दोन्ही एकाच राखाडीत मिसळतात आणि चड्डी, केप, बूट सगळेच नाहीसे होते. म्हणून तिथे रंग पाहायचा नसतो, उजळपणा पाहायचा असतो. ज्या मास्तरांच्या हाताखाली मी शिकलो, ते कापड निवडताना दुकानाच्या दारात उभे राहून डोळे अगदी बारीक करत. डोळे मिटत आणले की रंग विझतो आणि उजेड-अंधार तेवढा उरतो. मी अजूनही तेच करतो आणि दुकानदारांना मी झोपेला आलोय असे वाटते.

रीव्ह्जच्या पोशाखाखाली खांद्यांना आणि छातीला गाद्या भरलेल्या असत. मालिका रंगीत चित्रित होऊ लागल्यावर लाल-निळे कापड आले, पण गाद्या राहिल्या. त्या कापडात अंग चिकटून बसत नसे हे त्या भागांत उघड दिसते : काखेत घोळ, गुडघ्यावर पोंगा, पोटावर आडव्या चुण्या. तरी मुलांनी तक्रार केली नाही, यावरूनही काही समजायला हवे.

या प्रवासातला सर्वांत समृद्ध टप्पा १९७८ चा आहे. रिचर्ड डॉनर यांच्या त्या चित्रपटाची वेशभूषा इव्हॉन ब्लेक यांची होती आणि नायक ख्रिस्तोफर रीव्ह. तोवर ताणणारे कापड आले होते, म्हणजे शुस्टरने कागदावर काढलेली गोष्ट पहिल्यांदाच खरोखर शिवता येणार होती. दिग्दर्शकाच्या मनात आत स्नायूंचे भरीव कवच घालायचे होते. रीव्हने ते नाकारले आणि डेव्हिड प्रॉज या शरीरसौष्ठवपटूच्या देखरेखीखाली अंग कमावले. हा निर्णय नटाचा असला तरी त्याचा परिणाम कापडावर झाला. आत गादी नसल्यामुळे श्वास घेतला की छाती हलते, हात उचलला की बरगडीपाशी कापड ताणले जाते, आणि ते सगळे पडद्यावर दिसते.

मग उडण्याचे आले. तेव्हाच्या एका रीतीत नट निळ्या पडद्यापुढे चित्रित करून मागाहून निळा भाग वगळत आणि त्या जागी आकाश बसवत. नायकच निळा असल्यावर पडद्याबरोबर तोही वगळला जाणार, हे उघड आहे. म्हणून अशा दृश्यांसाठी हिरवट झाक असलेल्या, मोरपिशीकडे झुकणाऱ्या निळ्याचे वेगळे पोशाख करावे लागले, आणि नंतर छपाईत तो रंग मूळ निळ्याच्या जवळ आणला गेला. उडण्याच्या अनेक दृश्यांसाठी झोरान पेरिसिक यांनी समोरून प्रक्षेपण करण्याची वेगळी पद्धत बसवली, तिथे हा प्रश्न बराच सुटला. प्रेक्षकाला एकच निळा पोशाख आठवतो. प्रत्यक्षात खुंटीवर निरनिराळ्या निळ्यांचे पोशाख टांगलेले होते.

केपविषयी थोडे विषयांतर करतो, कारण या पोशाखात शिवायला सर्वांत अवघड भाग तोच आहे आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. काही वर्षांपूर्वी एका जाहिरातपटासाठी आम्ही उडणारा नायक केला होता. केप साटीनची, घेर चांगला साडेतीन मीटरचा, आणि मी घाईत ती गळ्याच्या पट्टीलाच शिवली. पंखा सुरू झाला, वाऱ्याने केप मागे ओढली, तिने गळपट्टी ओढली आणि नट हवेत लटकत असताना खोकू लागला. चित्रीकरण थांबले, निर्मात्याचे बोलणे खावे लागले ते वेगळेच. त्या रात्री आम्ही गळ्याची शिवण उसवली, पोशाखाच्या आतून काखेखालून फिरणारा निवारीचा फुलीदार पट्टा केला आणि खांद्यांवर दोन चिरा देऊन केप थेट त्या पट्ट्याला जोडली. आता ओढ गळ्यावर न येता पाठीवर आली. दिसायला फरक शून्य. चित्रांत मात्र केप नुसती खांद्यांवर खोचलेली असते आणि वारा नसतानाही तिला ऐटीत तरंगायची मुभा असते. केपने चित्रकाराला वेग दाखवता येतो. एकाच स्थिर चौकटीत माणूस कुठून कुठे गेला ते तिच्या शेवटाच्या वळणावरून कळते. म्हणूनच चड्डी गेली, बूट बदलले, पट्टा बदलला, पण केप फार काळ कोणाला काढता आली नाही.

काढून पाहिली होती, तेही सांगतो. १९९२ च्या अखेरीस कॉमिक्समध्ये सुपरमॅनचा मृत्यू दाखवला गेला, १९९३ मध्ये तो लांब केस आणि रुपेरी चिन्हाचा काळा पोशाख घेऊन परतला. १९९७ मध्ये तर तो विजेचा झाला : अंग निळे-पांढरे, केप नाही, चड्डी नाही, चिन्हही विजेच्या रेघेसारखे. वर्षभराच्या आसपास हा प्रकार चालला. त्या दशकात कॉमिक्सचे रंग संगणकावर भरले जाऊ लागले होते, चौसष्ट रंगांची सक्ती उरली नव्हती, चमक आणि झळाळी सहज काढता येत होती. ती हौस या पोशाखात भागवून घेतली असे मी म्हणेन. त्यावर याहून जास्त बोलण्यासारखे काही नाही.

कथेतल्या कारणांबद्दल मी सुरुवातीला जे म्हटले, त्याचा एक नमुना देऊन पुढे जातो. जुन्या कथांत हा पोशाख त्याच्या जन्मग्रहाहून, क्रिप्टॉनहून, यानातून आलेल्या पांघरुणांचे धागे उसवून पालक आई मार्था केंटने शिवलेला होता आणि त्या धाग्यांवर कात्री चालत नसल्यामुळे पोराने आपल्या डोळ्यांच्या उष्णतेने ते तोडून दिले होते. शिंपी म्हणून मला हे स्पष्टीकरण फार आवडते. १९८६ मध्ये लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनी नायक नव्याने मांडला तेव्हा कापड साधे झाले : शरीरालगतच्या अदृश्य आवरणामुळे अंगाला चिकटलेले कपडे वाचतात, दूर फडफडणारी केप मात्र फाटते. फाटकी केप काढायला चित्रकारांना मनापासून आवडते, आणि आता ती फाटण्याची सोय झाली. छातीवरचा एस हे क्रिप्टॉनवरच्या घराण्याचे चिन्ह, ही कल्पनाही अशीच १९७८ च्या चित्रपटातून आली. पडद्यावर मार्लन ब्रँडोच्या छातीवर तोच एस दिसला. चिन्ह आधी चाळीस वर्षे होतेच, अर्थ नंतर मिळाला.

आता चड्डी का गेली? यात बॅटमॅनचा मोठा हात आहे. १९८९ च्या चित्रपटात बॉब रिंगवुड यांनी बॅटमॅनला कापडाऐवजी काळ्या रबरी कवचात बसवले. मायकल कीटनला त्यात मान वळवता येत नव्हती, त्यामुळे तो अख्खे धड वळवून पाहत असे. पण त्या दिवसापासून नायकाचा पोशाख म्हणजे चिलखत, अशी समजूत दृढ झाली. लायक्रा आता व्यायामशाळेत प्रत्येकाच्या अंगावर दिसू लागली होती, तिचे अप्रूप संपले होते. कॅमेरेही इतके तीक्ष्ण झाले, की साधे सपाट ताणकापड पडद्यावर स्नेहसंमेलनातल्या पोशाखासारखे दिसते. त्याला पोत द्यावा लागतो, वर जाळी छापावी लागते, कडांना सावली रंगवावी लागते. २०११ मध्ये सुपरमॅनची प्रकाशक कंपनी डीसीने आपली कॉमिक्स नव्याने सुरू केली तेव्हा जिम ली यांच्या आराखड्यात सुपरमॅनला उंच गळपट्टी आणि सांधे दाखवणारे चिलखत मिळाले आणि चड्डी गेली. २०१३ च्या चित्रपटात हेन्री कॅव्हिलसाठी जेम्स अ‍ॅचसन आणि मायकल विल्किन्सन यांनी केलेला पोशाखही बिनचड्डीचा, गडद आणि साखळीच्या चिलखतासारख्या पोताचा होता.

पण कमरेकडे नीट पाहा. २०११ च्या आराखड्यात चड्डी गेल्यावर पट्टा लाल झाला. २०१३ मध्ये कमरेच्या दोन्ही बाजूंना वळणदार नक्षी आली. म्हणजे चड्डी काढणाऱ्यांनाही त्या जागी काहीतरी ठेवावेच लागले, कारण शुस्टरपुढची अडचण तशीच होती : एवढे निळे अंग मधून कुठेतरी तोडायला हवे. चिलखताच्या मार्गाने गेलेल्या पोशाखांवर माझा आक्षेप सौंदर्याचा नाही, ते पोशाख कारागिरीच्या दृष्टीने थक्क करणारे आहेत. आक्षेप असा, की ज्याच्या अंगाला गोळी लागत नाही त्याने चिलखत कशासाठी घालावे? बॅटमॅनला ते शोभते, कारण तो आपल्यासारखा हाडामांसाचा आहे. सुपरमॅनचे कापड पातळच असायला हवे; त्या पातळपणातच त्याची ताकद दिसते.

चड्डी कागदावर परतली ती एप्रिल २०१८ मध्ये, ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात, पहिल्या अंकानंतर ऐंशी वर्षांनी. पडद्यावर ती २०२५ च्या चित्रपटात डेव्हिड कोरेन्स्वेटच्या अंगावर आली. दिग्दर्शक जेम्स गन यांनी जाहीरपणे सांगितले आहे, की ती ठेवावी की नाही याबद्दल ते साशंक होते आणि नटाच्या म्हणण्याने त्यांचे मत वळले : एवढी ताकद असलेल्या परग्रहवासीला मुलांनी भिऊ नये असे वाटत असेल, तर त्याचा पोशाख थोडा गमतीचा असलेलाच बरा. म्हणजे जी वस्तू शिवणीची अडचण झाकायला आली, छपाईची अडचण सोडवत टिकली, तिला आता स्वभाव दाखवण्याचे तिसरे काम मिळाले.

राहिला शेवटचा प्रश्न, खरे रूप कोणते. पहिले म्हणून १९३८ चे खरे म्हणावे, तर त्यात चिन्हसुद्धा स्थिर नव्हते. सर्वाधिक काळ टिकले ते १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०११ पर्यंतचे, म्हणजे पंचकोनी ढाल, पिवळा पट्टा, लाल चड्डी, लाल बूट आणि पाठीवर केपवर पिवळा एस. त्यामुळे कोणी नमुना मागितला तर मी तोच देतो. शिवलेल्या पोशाखांत माझे मत रीव्हच्या बाजूने आहे, आणि कारण मघाशी सांगितले तेच, की त्यात कापड कापडासारखे वागते. मे २०२४ मध्ये कोरेन्स्वेटचे पहिले छायाचित्र प्रसिद्ध झाले तेव्हा पोशाख सैल दिसतो, चुण्या पडतात, अशी बरीच ओरड झाली होती. त्या चित्रात तो वाकून बूट चढवतो आहे. वाकून बसलेल्या माणसाच्या कोपरापाशी आणि पोटाशी कापडाला घडी पडते; मी ते चित्र मोठे करून आधी त्या घड्याच पाहिल्या, आणि आत गादी असली तरी वर खरे कापड आहे हे पाहून मला बरे वाटले.